चढाईची वेळ

१८२९ सालच्या डिसेंबर महिन्यात, ओहायो नदीवरील लुइव्हिल बंदरातून निघून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लीन्सकडे चाललेल्या ‘हेलेन मॅक्ग्रेगर’ नावाच्या आगबोटीवर जो कौएल नावाचा एक इंग्रज विनोदी नट प्रवास करीत होता. रात्र धुक्याची होती, आणि बोटीच्या दिवाणखान्यात मांडलेल्या मेजांभोवती जी मंडळी पत्ते खेळत बसली होती त्यांचा खेळ पाहून त्याने मनाशी जे टिपले, ते पंधरा वर्षांनी, १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्याने नमूद करून ठेवले. खेळाचे नाव त्याने ‘पोकर’ असे दिले आहे. तो जुन्या इंग्रजी ‘ब्रॅग’ या खेळावर बेतलेला असून केंटकीचे प्रख्यात मुत्सद्दी हेन्री क्ले यांनी तो तरुणपणी शोधून काढला अशी एक वदंताही त्याने नोंदवली आहे. ही वदंता खरी मानण्याचे कारण नाही. परंतु एका परक्या नटाने कुतूहलाने लिहून ठेवलेला हा मजकूर पोकरच्या इतिहासातील पहिल्या विश्वसनीय दाखल्यांपैकी एक ठरला. त्याच्या एक वर्ष आधी, १८४३ साली, जोनाथन ग्रीन नावाच्या एका जुगाऱ्याने आपला धंदा सोडून जुगाराचे दुष्परिणाम सांगणारे एक पुस्तक लिहिले होते, आणि त्यातही नदीवरील बोटींवर चालणाऱ्या याच वीस पानी खेळाचे वर्णन आढळते.

वीस पानी असे म्हटले, ते या इतिहासाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्या काळचा पोकर बावन पानांच्या जोडाने खेळला जात नसे. एक्का, राजा, राणी, गुलाम आणि दश्शी एवढीच पाने ठेवीत. चार गडी बसत, प्रत्येकाला पाच पाने मिळत, आणि वीसच्या वीस पाने वाटून संपत. पाने बदलून घेण्याची सोय नव्हती. जे हाती आले त्यावर बोलायचे, रक्कम चढवायची किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे. या खेळाचे गणित मांडून पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. वीस पानांतून पाच पानांचे १५,५०४ निरनिराळे हात होऊ शकतात, आणि त्यांपैकी ज्यात एकही जोडी नाही असे हात फक्त १,०२४ आहेत, म्हणजे शंभरांत सहा-सात. ज्याच्या त्याच्या हाती काही ना काही आहेच, असा तो खेळ. अशा ठिकाणी चढाई करणाराची भिस्त एकाच गोष्टीवर असे, आणि ती म्हणजे आपली पाने दुसऱ्याच्या पानांहून थोर असणे. समोरच्याचा हात रिकामा असेल या भरवशावर पुढे पाऊल टाकावे, तर तो रिकामा असण्याचा संभव जवळजवळ नव्हताच.

पोकरचे कूळ पाहू गेल्यास ते युरोपातील ज्या खेळांकडे जाते त्यांना इंग्रजीत चढाओढीचे खेळ म्हणतात. फ्रान्समध्ये ‘पोक’ नावाचा खेळ होता, जर्मनीत त्याचाच भाऊबंद ‘पोख’. आणि जर्मन भाषेतील ‘पोखेन’ या धातूचे ठोठावणे आणि फुशारकी मारणे असे दोन्ही अर्थ आहेत. लुइझिआनाचा मुलूख १८०३ साली फ्रान्सकडून अमेरिकेने विकत घेतला, तेव्हा न्यू ऑर्लीन्समध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांबरोबर हा खेळही अमेरिकनांच्या हाती आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. इंग्लंडातील ब्रॅगचे नाते तर आपल्यालाही परके नाही. आपल्याकडे ज्याला ‘तीन पत्ती’ म्हणतात, ज्यात पाने न पाहता ‘ब्लाइंड’ खेळतात, ‘चाल’ देतात आणि शेवटी ‘शो’ मागतात, तो त्या तीन पानी ब्रॅगचाच इकडे रुजलेला वंशज आहे. तीन पत्तीच्या बैठकीला बसलेल्या कोणत्याही माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते की डावाचा निकाल दोन मार्गांनी लागतो: एक, शेवटी पाने उघडून, आणि दुसरा, पाने उघडण्याची वेळच येऊ न देता. पोकरमधील चढाईचा सारा इतिहास म्हणजे या दुसऱ्या मार्गाचा इतिहास होय.

तो मार्ग रुंद झाला बावन पानांचा पूर्ण जोड वापरात आल्यावर. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा बदल सर्वत्र रूढ झाला; त्याबरोबर एकाच रंगाच्या पाच पानांचा ‘फ्लश’ आला, आणि नको असलेली पाने टाकून नवी घेण्याची मुभा मिळाली. हा बदल अधिक गड्यांना मेजावर बसता यावे म्हणून झाला असावा. पण त्याने खेळाचा अंतःस्वभावच पालटला. बावन पानांतून पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात आणि त्यांतले निम्म्याहून किंचित अधिक हात असे असतात की ज्यांत जोडी नाही, क्रम नाही, रंग नाही. ज्या खेळात शंभरांपैकी सहा-सात हात रिकामे होते, त्यात आता पन्नास हात रिकामे झाले. माझ्या समजुतीप्रमाणे पोकरला कलेचा दर्जा येण्यास सुरुवात झाली ती येथे. कारण समोरच्याच्या हातात काही नाही असे मानण्यास आता आधार मिळाला, आणि ज्याच्या हातात काही नाही त्याने पहिल्याने पुढे सरसावावे की दुसऱ्याने सरसावण्याची वाट पाहावी, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उत्पन्न झाला. पाने बदलण्याच्या मुभेने त्यात आणखी एक पदर आणला. किती पाने मागितली यावरून माणसाच्या हाताची थोडीशी पारख होऊ लागली. तीन मागणाऱ्याकडे बहुधा जोडी, एक मागणाऱ्याकडे दोन जोड्या किंवा रंगाला एक पान कमी, आणि एकही न मागता स्वस्थ बसणाऱ्याकडे तयार झालेला हात. तेव्हा हातात काहीही नसताना एकही पान न बदलता बसून राहणे आणि मग मोठी रक्कम लावणे, ही त्या काळातील सर्वांत धीट हूल होती. तिचे बळ असे की ती रक्कम लावण्याच्या आधीपासून सुरू होई. बोलणे आणि वागणे यांची गोष्ट एकच असे.

मात्र नदीवरच्या त्या काळाचे फार गुणगान करण्याचे कारण नाही. बोटींवरील पुष्कळसे धंदेवाईक जुगारी खुणा केलेल्या पानांवर आणि संगनमतावर जगत. लोकांचा त्यांच्यावरील रोष इतका होता की १८३५ सालच्या जुलै महिन्यात मिसिसिपीकाठच्या व्हिक्सबर्ग गावात जमावाने पाच जुगाऱ्यांना, कोणताही खटला न चालवता, फासावर लटकावले. गावातून हुसकले गेलेले लोक बोटींवर अधिकच जमले. जमिनीवर जे चालू देत नाहीत ते पाण्यावर चालू देण्याची रीत पुष्कळ जुनी आहे, आणि आज पणजीजवळ मांडवीच्या पात्रात नांगरून ठेवलेल्या जहाजांवर रात्रभर पत्त्यांची मेजे चालतात, त्यामागेही कायद्यातील असाच एक भेद आहे. अशा वातावरणात चढाई म्हणजे पुष्कळदा थैलीची चढाई असे. ज्याच्यापाशी अधिक पैसा तो इतकी रक्कम चढवी की गरिबाला उत्तम पाने असूनही ती टाकून द्यावी लागत. हा अन्याय दूर करणारा एक शिरस्ता हळूहळू रूढ झाला: डाव सुरू होताना ज्याच्यासमोर मेजावर जेवढी रक्कम असेल तेवढ्यापुरतीच त्याची जोखीम, खिशातून नवे काढायचे नाही, आणि आपली सारी रक्कम मध्ये लोटणाऱ्यास त्या रकमेपुरती पाने पाहण्याचा हक्क आहे. हा साधासा नियम कोणत्याही एका माणसाच्या नावावर जमा नाही. परंतु तो नसता तर धैर्य आणि ऐश्वर्य यांतील फरक मेजावर कधी दिसलाच नसता, आणि चढाई केव्हा करावी या प्रश्नाचे उत्तर ‘सावकारी असेल तेव्हा’ असेच राहिले असते.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर, १८७० च्या सुमारास, चढाईला लगाम घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला. ‘जॅकपॉट’ नावाची एक वहिवाट सुरू झाली, तीत सर्व गड्यांनी ठराविक रक्कम मध्ये टाकायची, आणि ज्याच्याकडे निदान गुलामांची जोडी असेल त्यानेच डाव उघडायचा. कोणीच उघडू शकला नाही तर पुन्हा रक्कम टाकून पुन्हा पाने वाटायची. पहिल्या पाच पानांत गुलामांची जोडी किंवा त्याहून चांगले काही असण्याचा संभव पाचांत एक एवढाच आहे, तेव्हा रिकाम्या हाताने पहिली उडी घेणे या वहिवाटीने बंदच केले. जॉन ब्लॅकब्रिज नावाचे न्यूयॉर्कचे एक वकील होते. विम्याचे गणित हाही त्यांचा व्यवसाय होता, आणि १८७५ साली त्यांनी पोकरवर एक विचारपूर्वक लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांना ही वहिवाट मुळीच पसंत नव्हती. जॅकपॉट म्हणजे सोडतच झाली, फरक इतकाच की येथे तिकीट घेणे प्रत्येकास सक्तीचे, अशा आशयाची त्यांची तक्रार होती. ब्लॅकब्रिज हे स्वतः जपून खेळण्याचे पुरस्कर्ते. तरीही त्यांना नियमाने लादलेली सावधगिरी नको होती, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. जपून खेळणारास किंमत तेव्हाच येते, जेव्हा बेफिकिरीने खेळण्याची मोकळीक दुसऱ्यास असते.

जॅकपॉटचा अंमल पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकला, आणि त्याचे सर्वांत मोठे ठाणे झाले कॅलिफोर्नियातील गार्डेना हे लॉस एंजेलिसजवळचे छोटे शहर. त्यामागे एक कायदेशीर मामला होता. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने १८८५ साली बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत पोकरच्या ‘स्टड’ या प्रकाराचे नाव घातले होते. १९११ साली राज्याचे महाधिवक्ता युलिसिस वेब यांनी असा अभिप्राय दिला की पाने बदलून खेळण्याचा ‘ड्रॉ’ हा प्रकार कौशल्याचा असल्याने तो त्या बंदीत येत नाही. या एका अभिप्रायाच्या आधारावर १९३६ पासून गार्डेनात राजरोस पोकरगृहे उभी राहिली. तेथे घरमालक डावातून हिस्सा न घेता दर अर्ध्या तासाला प्रत्येक आसनामागे भाडे घेत. निवृत्त माणसे, विधवा, लहान पगाराचे नोकर तेथे दिवसचे दिवस बसून असत, आणि त्यांच्यात जो टिके तो बहुधा चांगल्या पानांची वाट पाहणारा, मोजून मापून रक्कम लावणारा असे. चढाई करणाराला तेथे वाव थोडा होता. डाव उघडणाराकडे निदान गुलामांची जोडी आहे हे सर्वांना ठाऊक असताना त्याला हुसकावणे कठीण.

हीच सावध वृत्ती १९५७ साली निघालेल्या एका अत्यंत वाचनीय पुस्तकातही दिसते. हर्बर्ट यार्डली हे गुप्तलिपी उलगडण्यात निष्णात असलेले गृहस्थ. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेचे गुप्तलिपीचे खाते त्यांनीच चालविले होते आणि पुढे चीनमध्ये चुंगकिंग येथेही त्यांनी त्याच विद्येची चाकरी केली. इंडियाना प्रांतातील आपल्या गावच्या गुत्त्यात पोरवयात घेतलेले पोकरचे धडे आणि चुंगकिंगच्या बैठकी यांची कथा सांगत सांगत ते वाचकाला एकच शिकवण देतात: पाने पुरेशी चांगली नसतील तर उठून जा, म्हणजे डावातून बाहेर हो. हजारो अमेरिकन वाचक त्या पुस्तकावर पोकर शिकले. शिकवण खोटी नव्हती. समोरचे गडी बेफिकीर असतील आणि कोणीच पाने टाकीत नसेल तर हूल देणे म्हणजे पैसे फेकणेच होय. परंतु जो मनुष्य फक्त उत्तम पानांवरच पुढे येतो त्याच्या पुढे येण्याचा अर्थ थोड्याच दिवसांत सर्वांना कळतो, आणि मग त्याच्या उत्तम पानांवर कोणी पैसे लावीत नाही.

हा पेच ज्याने शास्त्रशुद्ध रीतीने सोडविला तो मेजावरचा माणूस नव्हता. फ्रान्समध्ये एमिल बोरेल यांनी १९२१ पासून या जातीच्या खेळांचा गणिती विचार आरंभिला होता. हंगेरीत जन्मलेल्या जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली आपला प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्या साहाय्याने लिहिलेल्या ग्रंथात पोकरला एक सबंध प्रकरण दिले. त्यांनी खेळ अगदी सोपा करून घेतला: दोन गडी, प्रत्येकाच्या हाती एक गुप्त संख्या, आणि लहान किंवा मोठी रक्कम लावण्याचे स्वातंत्र्य. त्यातून जे निष्पन्न झाले ते सहजबुद्धीला धक्का देणारे आहे. मोठी रक्कम लावावी ती फार चांगल्या हातांवर आणि काही अगदी वाईट हातांवर. मधल्या, बऱ्यापैकी हातांवर मात्र लहान रक्कम लावून स्वस्थ राहावे. कारण असे की मधल्या हाताला पाने उघडताना काही किंमत आहे. तो घेऊन मोठी चढाई केली तर त्याहून वाईट हातवाले पाने टाकून निघून जातात आणि चांगले हातवाले तेवढे समोर उभे राहतात, म्हणजे फायदा कोठूनच नाही. अगदी वाईट हाताला मात्र उघडून पाहण्यात काहीच किंमत नसते, तेव्हा समोरच्याने पाने टाकणे हाच त्याचा सारा लाभ.

त्याचा हिशेबही सरळ आहे. मध्ये शंभर रुपये आहेत आणि मी आणखी शंभर लावले, तर समोरच्याला दोनशे जिंकण्यासाठी शंभर घालावे लागतात. तेव्हा तीनांत एकदा तो जिंकत असेल तरी त्याचे जमाखर्च बरोबर होतात. म्हणून मी अशा मोठ्या रकमांपैकी तिसरा हिस्सा रिकाम्या हातांवर लावला तर त्याने पाहिले काय आणि टाकले काय, त्याला फरक पडत नाही. रक्कम पन्नासच लावली तर रिकाम्या हातांचा हिस्सा चौथाच असावा. उलट माझ्या बाजूने, शंभरांसाठी शंभर घालून दिलेली हूल निम्म्याहून अधिक वेळा साधली पाहिजे, आणि पन्नास घालून दिलेली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वेळा. या हिशेबाने हुलीला प्रथमच प्रतिष्ठा मिळवून दिली. ती लबाडी नसून चांगल्या पानांना मोबदला मिळवून देणारी त्यांची आवश्यक सोबतीण आहे, हे त्यात सिद्ध झाले.

फॉन नॉयमन यांचा ग्रंथ ज्यांनी वाचला असण्याचा संभव कमी, अशा टेक्ससच्या फिरस्त्या जुगाऱ्यांनी त्याच सुमारास हीच गोष्ट रस्त्यावर शिकून घेतली. टेक्ससमध्ये पोकर बेकायदेशीर होता. फोर्ट वर्थच्या गुरांच्या बाजाराजवळील एक्स्चेंज अ‍ॅव्हेन्यूवर, तेलाच्या गावांतून आणि हॉटेलांच्या मागच्या खोल्यांतून तो चालत असे, आणि खेळाडूला डाव शोधायचा, तो जिंकायचा, आणि पोलीस व दरोडेखोर या दोहोंना चुकवून पैसा घेऊन घरी पोहोचायचे, अशी तिहेरी कसरत करावी लागे. याच प्रांतात ‘होल्डेम’ हा प्रकार वाढला. रॉब्सटाउन हे त्याचे जन्मगाव असे २००७ साली टेक्ससच्या विधिमंडळाने ठरावाने मान्य केले आहे. प्रत्येकास दोन गुप्त पाने, मध्ये सर्वांसाठी मिळून पाच उघडी पाने, आणि त्यांच्या उघडण्याच्या टप्प्यांनुसार रक्कम लावण्याच्या चार फेऱ्या. जुन्या ड्रॉमध्ये दोनच फेऱ्या होत्या. फेऱ्या दुप्पट झाल्या म्हणजे बोलण्याच्या संधी दुप्पट झाल्या, आणि ज्याला बोलता येते त्याचे बळ दुणावले. शिवाय जोडी नसलेली दोन पाने घेऊन बसलेल्या माणसाला पहिली तीन पाने उघडल्यावर तीनांपैकी दोन वेळा एकही जोडी जमत नाही. समोरचा बहुतेक वेळा रिकामा आहे हे वीस पानांच्या बोटीवर खोटे होते, बावन पानांच्या खेळात अर्धे खरे झाले, आणि होल्डेमच्या मेजावर ते नित्याचे सत्य झाले.

या सत्याचा ज्याने सर्वांत अधिक उपयोग करून घेतला तो डॉईल ब्रन्सन १९३३ साली लाँगवर्थ नावाच्या टेक्ससमधील एका खेड्यात जन्मला. बास्केटबॉलमध्ये त्याचे नाव होऊ लागले होते. उन्हाळी कामावर असताना अंगावर ओझे कोसळून पाय मोडला आणि ते दार बंद झाले. त्याने पदव्युत्तर शिक्षण पुरे केले, काही दिवस कचेरीतील यंत्रे विकण्याची नोकरी केली, आणि मग अमॅरिलो स्लिम व सेलर रॉबर्ट्स या जुगाऱ्यांच्या भागीदारीत गावोगाव फिरत पत्ते खेळू लागला. १९६२ साली त्याच्या मानेत कर्करोग निघाला आणि डॉक्टरांनी महिन्यांची मुदत सांगितली. शस्त्रक्रियेनंतर तो वाचला आणि पुढे साठ वर्षे जगून २०२३ साली वारला. मृत्यूचा उंबरठा पाहून आलेल्या माणसास समोरच्या रकमेचे ओझे वाटेनासे झाले असेल, अशी माझी समजूत आहे.

१९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे लास व्हेगासची जागतिक स्पर्धा जिंकल्यावर १९७८ साली त्याने एक जाड ग्रंथ स्वखर्चाने काढला, जो पुढे ‘सुपर सिस्टम’ या नावाने प्रसिद्ध झाला. त्यात त्याने आपली पद्धत उघड केली. लहान लहान राशी, ज्यांवर कोणाचाच खरा हक्क नाही, त्या वारंवार रक्कम लावून उचलीत राहावे. त्यातून जमलेली पुंजी मोठ्या डावात, प्रसंगी आपली पाने कमी प्रतीची असतानाही, लावण्यास उपयोगी पडते. आणि जो सतत पुढे येतो त्याच्या खऱ्या थोर पानांवरही लोक चिडून पैसे भरतात. पण या पद्धतीचा बारकावा तिच्या मर्यादेत आहे. आपल्यानंतर बोलणारे किती उरले आहेत, समोरच्याने मागल्या फेऱ्यांत काय केले, तो पाने टाकू शकणारा माणूस आहे की एकदा पैसा घातला म्हणजे शेवटपर्यंत पाहणारा आहे, याचे भान क्षणोक्षणी ठेवावे लागते. आणि शांत मनुष्याने उलट रक्कम चढवली की निमूटपणे पाने टाकून द्यावी लागतात. ब्रन्सनची चढाई पाहून जे लोक नुसते धीट झाले त्यांनी त्याची ही माघार पाहिलीच नाही.

त्याच मंडळींतील जॅक स्ट्रॉस या उंचापुऱ्या खेळाडूची एक हकीकत अजून सांगितली जाते. त्याच्या हाती सत्ती आणि दुर्री आली, म्हणजे होल्डेममधील सर्वांत निकृष्ट जोडपान. डाव हाती चढलेला असल्याने त्याने तरीही रक्कम चढवली, आणि एकच गडी राहिला. उघडी पाने आली सत्ती, तिर्री, तिर्री. स्ट्रॉसने रक्कम लावली. समोरच्याने ताबडतोब ती मोठ्या रकमेने चढवली, तेव्हा त्याच्याकडे सत्तीहून मोठी जोडी आहे हे स्ट्रॉसला कळून चुकले. शहाणपण पाने टाकण्यात होते. त्याने रक्कम भरली. चौथे पान दुर्री आले, त्याने काहीच सुधारले नाही, आणि स्ट्रॉसने अठरा हजार डॉलर मध्ये लोटले. समोरचा विचारात पडला असता स्ट्रॉस त्याला म्हणाला की पंचवीस डॉलर दे आणि माझ्या दोहोंपैकी तुला हवे ते एक पान पाहून घे. त्या गृहस्थाने पैसे टाकून एक पान दाखवावयास सांगितले. ती दुर्री निघाली. कोणतेही पान पाहा असे सांगणाऱ्याची दोन्ही पाने सारखीच असली पाहिजेत, असा त्याने तर्क केला. दोन दुर्र्या हाती, एक मध्ये, आणि दोन तिर्र्या, म्हणजे फुल हाउस. त्याने आपली चांगली पाने टाकून दिली. या कथेत मला कौतुक वाटते ते स्ट्रॉसच्या धाडसाइतकेच समोरच्याच्या बुद्धीचे. तर्क करू शकणारा, आणि तर्क पटल्यावर थोर जोडी टाकून देऊ शकणारा माणूस समोर होता, म्हणूनच ही हूल साधली. एखाद्या अडाणी पण हट्टी गड्याने पाने पाहिली असती आणि स्ट्रॉसचा सारा डाव बुडाला असता.

ब्रन्सनच्या ग्रंथासाठी एक प्रकरण लिहिणाऱ्या डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या विद्येला एक नेमकी संज्ञा दिली: अर्धी हूल. आजचा हात मागे आहे, पण पुढील पानांनी तो सर्वांत थोर होऊ शकतो, अशा हातावरची चढाई. एकाच रंगाची चार पाने जमलेली असून दोन पाने यावयाची असतील तर रंग पुरा होण्याचा संभव शंभरांत पस्तीस आहे. अशा वेळी रक्कम लावणारा दोन दारांनी जिंकतो. समोरचा निघून गेला तर लगेच, न गेला तर तीनांपैकी एका वेळी नंतर. निव्वळ हुलीची सारी भिस्त समोरच्याच्या माघारीवर असते. अर्ध्या हुलीला तो आधार अर्धाच लागतो.

पद्धत छापून निघाली की ती सर्वांची होते. ब्रन्सनने पुढे अनेकदा बोलून दाखविले की त्या पुस्तकाने त्याला मिळवून दिले त्याहून त्याचा तोटाच अधिक झाला, कारण समोर बसणारा प्रत्येक जण आता त्याच्याच रीतीने चढून येऊ लागला आणि त्याला आपली रीत बदलावी लागली. १९८० साली त्याच स्पर्धेच्या अंतिम डावात त्याला स्टू अंगर या न्यूयॉर्कच्या तरुणाने हरविले, तोही तितक्याच निर्भयपणे खेळणारा.

माणसांची ही विद्या पुढे यंत्रापर्यंतही पोहोचली. २०१७ च्या जानेवारीत पिट्सबर्गच्या एका द्यूतगृहात चार नामांकित व्यावसायिक खेळाडू कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झालेल्या ‘लिब्रेटस’ नावाच्या संगणकप्रणालीशी वीस दिवस खेळले. दोघांदोघांचा होल्डेम, एकूण १,२०,००० डाव. प्रणालीला माणसांचे डाव शिकवले नव्हते. नियम सांगून तिला स्वतःशीच खेळत ठेवले होते. ती ज्या राशीत दोन-चारशे असत तेथे एकदम हजारोंची रक्कम लावी, आणि अशी रक्कम तिने थोर पानांवर लावली की रिकाम्या हातावर, हे त्या अनुभवी माणसांना ओळखता येईना. रात्री ते चौघे हॉटेलच्या खोलीत एकत्र बसून दिवसाचे डाव ताडून पाहत, तिच्या चढाईत कोठे फट सापडते का ते शोधत, आणि दुसऱ्या दिवशी तेथेच घाव घालण्याचे ठरवत. त्याच रात्री काही मैलांवरच्या महासंगणकावर लिब्रेटस त्यांनी दिवसा चोखाळलेल्या वाटा तपासून नेमक्या त्याच फटी बुजवीत बसलेली असे.